येणाऱ्याचं ताट

म्हशीचं शिंग मोडकं होतं की शाबूत, यावर कॅसेटची एक अख्खी बाजू खर्ची पडली, तेव्हा उत्तरा सरनाईकने हात टेकले.

म्हैस कोल्हापूरची, गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची, आणि भांडण चाललं होतं पेनसिल्व्हेनियातल्या एका स्वयंपाकघरात, दोन पोलिश बहिणींमध्ये. थोरली हालिना म्हणायची, डावं शिंग मोडकं होतं. धाकटी क्रिस्टिना म्हणायची, ती म्हैस वेगळी, आपल्या दाराशी यायची तिची दोन्ही शिंगं धड होती. थोरली म्हणायची, तुला काय कळत होतं, तू तेव्हा एवढीशी शेंबडी. मग दोघी बोलता बोलता पोलिशमध्ये घुसायच्या, आणि उत्तरा टेपरेकॉर्डरच्या फिरत्या चकत्यांकडे बघत बसायची. युनिव्हर्सिटीची कॅसेट, युनिव्हर्सिटीचा टेपरेकॉर्डर, आणि वर म्हशीचं शिंग!

या भानगडीत ती पडली कशी, तेही सांगायला हवं. उत्तरा कोल्हापूरच्या शाहूपुरीतली. नवरा अतुल स्टेट कॉलेज नावाच्या गावात युनिव्हर्सिटीत इंजिनियरिंग शिकवायचा, मुलगी दीपा पाचवीत, आणि घरात बसून डोकं फिरायला लागलं म्हणून उत्तराने लायब्ररीत अर्ध्या वेळेची नोकरी धरलेली. १९८४च्या उन्हाळ्यात इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी आसपासच्या पोलिश निर्वासितांच्या लहानपणच्या आठवणी टेप करायला घेतल्या. ही माणसं महायुद्धात पोरवयात घरातून उचलली गेली, मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे धाडली गेली, मग सुटून इराणमार्गे जगभर पांगली. त्यातल्या हजारोंची छावणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती. प्राध्यापक हॉवर्डसाहेबांनी यादीत दोन बहिणींपुढे ‘इंडिया’ वाचलं, मान वर केली, समोर साडीतली उत्तरा दिसली, आणि काम तिच्या गळ्यात पडलं. ती नेमकी कोल्हापूरचीच निघाली, याचं त्यांना काडीचं नवल वाटलं नाही. त्यांच्या लेखी इंडिया म्हणजे इंडिया.

नवल वाटलं ते उत्तराला. वळिवडे तिला ठाऊक होतं ते रेल्वेचं स्टेशन म्हणून, आणि त्याला लागूनचं गांधीनगर ठाऊक होतं ते साड्यांच्या बाजारासाठी. लग्नाचा बस्ता तिथंच बांधला होता. ज्या जागेवर आपण जरीच्या काठासाठी घासाघीस केली तिथं कधी पाच हजार पोलिश बायकापोरं राहून गेली, हे तिला कोल्हापुरात कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते हालिनाने. पहिल्याच भेटीत दार उघडून, उत्तराला आपादमस्तक न्याहाळून ती भसाड्या आवाजात म्हणाली,

“काय गं ए, कोल्हापूरची न्हवं तू? मग दारात का हुबी? ये की आत.”

पेनसिल्व्हेनियात, बर्फाच्या प्रदेशात, एका गोऱ्यापान सोनेरी केसांच्या बाईच्या तोंडून असं मराठी ऐकून उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे पाणी दुसऱ्या भेटीपर्यंत आटलं.

कारण हालिनाला बोलायचं होतं ते फक्त कोल्हापूरबद्दल. छावणीत दूध घालायला येणारी आक्का, दारात म्हैस पिळून देणारी, तिच्याकडून ती मराठी शिकली होती, त्यामुळे कोल्हापूरच्या बायकांसारखंच ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायची आणि शिव्याही तिथल्याच द्यायची. गुऱ्हाळावरचा गरम गूळ, टांगेवाला, पंचगंगेत पोहणं, छावणीतलं चर्च, छावणीतलं थेटर, चटईच्या भिंतींमधून शेजारच्या घरातली कुजबुज कशी ऐकू यायची, याची तिच्याकडे खाण होती. पण उत्तराने “त्याआधी, सायबेरियात?” असं विचारलं की घोडं पेंड खायचं. हालिना खिडकीबाहेर बघायची, घसा खाकरायची, आणि इंग्रजीतून सरळ मराठीत उडी मारायची. “त्ये जाऊ दे. आक्काची म्हस सांगितली का तुला?”

सांगितली होती. तीनदा सांगितली होती.

हॉवर्डसाहेबांनी पहिल्या चार कॅसेटी ऐकून चिठ्ठी पाठवली होती: ‘कोल्हापूर कमी, युद्ध जास्त.’ ती चिठ्ठी उत्तराने फ्रिजवर लावली, म्हणजे ज्याचा राग करायचा तो डोळ्यांसमोर असावा.

पण खरा डोक्याला ताप साहेबांचा नव्हता. तो होता धाकटीने जी गळ घातली तिचा. ऑक्टोबरात एकदा क्रिस्टिना उत्तराला गाडीपर्यंत सोडायला आली. ही दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला होती, नीटनेटकी, हळू बोलणारी, थोरलीच्या अगदी उलट. तिला मराठी येत नव्हतं. कोल्हापूर सोडलं तेव्हा ती दहा वर्षांची होती, पण छावणीत शाळा पोलिश, खेळणं पोलिश. एक ते दहा आकडे, दूध, पाणी, चल आणि एक शिवी, एवढंच तिच्यापाशी उरलं होतं. थोरलीला ती हाला म्हणायची. ती इंग्रजीत म्हणाली,

“हालाच्या गळ्यात गाठ आहे. जानेवारीत ऑपरेशन. स्वरयंत्र काढावं लागणार, डॉक्टर म्हणतात. मग आवाज नाही.”

उत्तराने हातातली गाडीची किल्ली परत पर्समध्ये टाकली.

“आमचा भाऊ होता,” क्रिस्टिना म्हणाली. “यानेक. मधला. सायबेरियातून सुटून गाडीने येताना वाटेत एका स्टेशनावर राहिला. मी चार वर्षांची होते. हाला अकराची. ती त्याबद्दल कुणाशी बोललेली नाही. मी विचारलं की उठून जाते. जानेवारीनंतर तिला सांगायचं असलं तरी सांगता येणार नाही. तुझ्याशी ती बोलते, उत्तरा. तेवढं तिच्या तोंडून बोलवून घे.”

झालं! त्या दिवसापासून उत्तराच्या जिवाला घोर लागला. लायब्ररीतून सुटून दर गुरुवारी बेलफाँटला त्यांच्या घरी गाडी हाकायची, चार गोड प्रश्न विचारायचे, आणि म्हशीचं शेण, म्हशीचं रेडकू, म्हशीचा धनी टेपवर घेऊन परत यायचं. तिने सगळे उपाय करून पाहिले. कोल्हापूरहून सुरुवात करून हळूच मागं सरकायचं पाहिलं, तर हालिना पुढं सरकून इंग्लंडला पोचली. नकाशा नेला, तर तिने त्यावर चहाचा कप ठेवला. कांदा-लसूण चटणी नेली, तर बाटली संपेस्तोवर ती फक्त चटणीबद्दल बोलली. मध्येच सिगरेट पेटवायची. डॉक्टरांनी बंद केली होती, म्हणून खिडकीतून हात बाहेर काढून ओढायची, म्हणजे सिगरेट घराबाहेर आणि बाई घरात. आवाज दर आठवड्याला आणखी घोगरा होत चाललेला. उत्तराला तो घोगरेपणा ऐकू यायचा, दया यायची, आणि दयेच्या पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात जायची. बाई गं, बोल ना! तुझ्याकडे वेळ आहे का तो, म्हशीवर उधळायला?

अतुल गाडीत शेजारी असला की ती हे सगळं त्याच्यावर काढायची. अतुल म्हणायचा, “यार, तू टेन्शन कशाला घेतेस? सांगायचं नसेल तर नसेल.” आणि गाडीतली आपली कॅसेट सुरू करायचा. तीही एक डोकेदुखीच होती. त्याच्या सांगलीच्या मामांनी घरच्या बैठकीत म्हटलेली नाट्यगीतं टेप करून पाठवली होती. मामा आता हयात नव्हते, त्यामुळे त्या कॅसेटबद्दल बोलायची सोय नव्हती. चुकून कुणी तिच्यावर दुसरं काही टेप करू नये म्हणून अतुलने तिच्या पाठीवरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडून ठेवल्या होत्या. टिकली मोडली की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. मामांच्या खोकल्यासकट ती कॅसेट अजरामर झाली होती.

डिसेंबरात क्रिस्टिनाचा फोन आला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला या. पण अतुलला आणू नका.

“का? त्याने काय केलंय?”

“काही नाही. माणसं सम हवीत. विषम झाली तर वर्षाच्या आत एक कमी होतं, असं आई म्हणायची. मी आणि हाला, तू आणि दीपा. चार. यंदा मला धोका नको.”

ज्या घरात जानेवारीत ऑपरेशन आहे तिथं यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. अतुल उलट खूश झाला. घरात एकटा, वर फुटबॉल.

“टेपरेकॉर्डर आण,” क्रिस्टिना पुढे म्हणाली. “हाला नाताळची गाणी म्हणेल. निदान ती तरी राहू देत.” त्या ‘निदान’मध्ये तिने आशा सोडल्याचं उत्तराला कळलं. तिनेही सोडली होती. म्हणून तिने पर्समध्ये कोरी कॅसेट एकच टाकली. गाणीच तर घ्यायची होती. शिवाय म्हशीची कॅसेट होतीच पर्समध्ये पडलेली, क्रिस्टिनाकडून त्यातल्या पोलिश भांडणाचा अर्थ लिहून घ्यायला.

संध्याकाळी दोघी पोचल्या तर जेवण टेबलावर तयार, पण कुणी बसायला तयार नाही. पहिली चांदणी दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही, असा नेम. बाहेर ढग. दीपा खिडकीला नाक लावून उभी राहिली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, “आई, आय ॲम स्टार्व्हिंग. दॅट्स अ स्टार, ओके?” ते विमान होतं. पण हालिनाने पोरीचं तोंड बघितलं आणि मराठीत निकाल दिला, “असू दे. उडती चांदनी हाय. बसा.”

टेबलावर पांढरं कापड, कापडाखाली मूठभर वाळलेलं गवत पसरलेलं. बारा पदार्थ, पण मटण नाही. बिटाचं लाल सार, त्यात करंजीसारख्या छोट्या छोट्या गोळ्या, खारा मासा, तळलेला मासा, कोबी-वाटाणा, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खसखशीचा गोड पदार्थ, आणि असंच पुढं. आधी एका पातळ पापडीसारख्या पोळीचा तुकडा एकमेकींच्या हातून मोडून खायचा आणि चांगलं चिंतायचं. क्रिस्टिनाने थोरलीच्या हातातला तुकडा मोडला आणि काहीतरी पुटपुटली. हालिना हसून दुसरीकडे बघायला लागली. ही बाई चांगलं चिंतलेलंसुद्धा अंगाला लावून घेत नव्हती.

मग गाणी झाली. हालिनाचा आवाज वर चढेना, फाटायला लागला की क्रिस्टिना तो उचलून धरायची. टेपरेकॉर्डर ब्रेडच्या टोपलीशेजारी फिरत होता. एक बाजू भरली तेव्हा उत्तराने कॅसेट उलटी घातली, पण गाणी संपली तरी तिने टेपरेकॉर्डर बंद केला नाही. खरं सांगायचं तर ती विसरली.

आणि मग जेवताना तिचं लक्ष गेलं पाचव्या ताटाकडे.

माणसं चार, ताटं पाच. पाचव्यापुढे खुर्ची, काटा, सुरी, ग्लास, सगळं मांडलेलं, पण ताट कोरडं. चौघींची पानं भरली, पुन्हा भरली, पण त्या ताटात कुणी कणभर वाढेना. उत्तराला ते बघवेना. गवत बघून तिला दर्भ आठवलाच होता, आता हे बाजूला मांडलेलं पान. सर्वपित्रीला त्यांच्या घरी असंच पान वेगळं मांडायचे. आजी सगळ्या पदार्थांतलं थोडं थोडं वाढायची, वरून पाणी फिरवायची, हात जोडायची. पान मांडून त्यावर वाढायचं नाही, म्हणजे गेलेल्या माणसाला उपाशी बसवायचं! यांच्याकडे वाढायला कुणी वडीलधारं उरलेलं नाही, म्हणून राहून गेलं असेल. क्रिस्टिना कॉफी ठेवायला उठलेली होती. उत्तराने डाव हातात घेतला आणि त्या ताटात बाराही पदार्थ नीट वाढले, खसखशीचं गोड उजव्या हाताला. दीपाने बघितलं. “आई, व्हॉट आर यू डुइंग?” “गप्प बस,” म्हणून उत्तराने हात जोडले. तीन महिने या घरात येऊन एक गोष्ट तरी आपण नीट केली, असं तिला वाटलं.

हालिना गवताची काडी दातात धरून बसली होती. तिचं लक्ष गेलं. तिने ताटाकडे बघितलं, जोडलेल्या हातांकडे बघितलं. खुर्ची मागं फेकत ती उठली.

“ए! काय केलीस हे? कुनी सांगितलं तुला वाढाय?”

उत्तराचे हात तसेच जोडलेले राहिले. “अहो, पान मोकळं होतं म्हणून... आमच्याकडे गेलेल्या माणसांचं...”

“मेलेल्याचं ताट न्हाई त्ये!” हालिनाचा आवाज फाटला. “येनाऱ्याचं हाय! वाटंत कोन ऱ्हायला असंल, उशिरा आला तर त्येचं हाय! आई मरंपातूर मोकळं ठेवत हुती. तू वाढलीस. हात जोडलीस. मारून टाकलीस की त्येला!”

क्रिस्टिना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. उत्तराला रडू फुटायच्या बेतात आलं, आणि त्याच्या आधी राग आला. तीन महिने साचलेला सगळा राग. काय करायचं या बाईचं? विचारलं तरी बोलायचं नाही, आणि न सांगता कुणी चुकलं की अंगावर यायचं!

“मग सांगायचं होतंत ना!” उत्तराही ओरडली. “कोण येणार, कुठून येणार, मला कसं कळावं? मला तुम्ही म्हैस सोडून काय सांगितलंय आजवर?”

दीपाने काटा खाली ठेवला. आपली आई कुणा काकूंवर अशी ओरडलेली तिने पाहिली नव्हती.

हालिना उभीच राहिली. मग हळूहळू खाली बसली. तिने धाकटीकडे एकदा बघितलं, आणि उत्तराकडे वळून, टेबलावर वाकून, मराठीत बोलायला लागली. फक्त मराठीत. नेहमी खुपसायची तो एकही इंग्रजी शब्द तिने येऊ दिला नाही. तेव्हा उत्तराला उमगलं की ही धाकटीला कळू नये म्हणून मराठीत सांगते आहे.

“ऐक तर मग. गाडी हुबी हुती. मालगाडी. आई तापानं पडलेली, डोकं माझ्या मांडीवर. ही बारकी रडाय लागलेली. पानी, पानी. दोन दिस झाले पानी न्हवतं गाडीत. स्टेशनात कडत पान्याचा नळ असायचा. जायचं मी हुतं. थोरली मी. पर आई मांडीवर. यानेक म्हनाला, मी आनतो. आठ वर्साचा. मी म्हनलं, जा. पळ.”

घसा अडकला. तिने खाकरायचा प्रयत्न केला नाही, थांबली आणि पुन्हा लागली.

“मी दारातनं बघत हुतो. भरला डबा त्यानं. काठोकाठ भरला. तवर गाडी हालली. त्या गाड्या शिट्टीबी देत न्हवत्या. तो पळाय लागला. पर डबा दोनी हातांत, असा पोटाशी. पानी सांडू नये म्हनून हळू पळत हुता. बेनं, हळू पळत हुता! टाकला असता डबा तर पोचला असता. हाताला लागत हुता माझ्या.” पोटाशी धरलेले हात सोडून तिने एक पुढं केला, रिकाम्या खुर्चीच्या दिशेने. “आनि मी वरडलो न्हाई. डबा टाक म्हनून वरडलो न्हाई. पानी पायजे हुतं ना मला.”

हालिनाने पुढं केलेला हात मागं घेतला.

“आई मला आयुष्यभर इचारत ऱ्हायली, तुझं ध्यान कुटं हुतं. मी म्हनायचो, झोपलो हुतो. हिच्या पान्यापायी ग्येला हे हिला कळाय नको. कळलं तर काय करंल ती? तू सांगू नगंस. इंग्रजीत लिहून काड, त्या तुझ्या सायबाला दे, काय करायचं त्ये कर. मी मुकी झालो की मग कुनी इचारनार न्हाई.”

उत्तराने मनात स्वतःलाच झापलं. हेच हवं होतं ना तुला, बये? तीन महिने याच्याच मागं लागली होतीस. आता घे. ज्या बाईने ‘बोलवून घे’ म्हणून गळ घातली तिच्याचपासून ते लपवायचं, आणि तेही तिच्याच टेबलावर बसून, तिची करंजी खाऊन! उत्तराला हालिनाचा इतका संताप आला, आणि तिला पोटाशी धरावंसंही इतकं वाटलं, की ती कापडाखालचं गवत बोटांनी चुरत बसली.

क्रिस्टिनाने “काय म्हणाली ती?” असं विचारलं नाही. उत्तरा त्या प्रश्नाची वाट बघत होती, घाबरत होती, पण तो आलाच नाही. क्रिस्टिना टेबलाशी आली. तिने पाचवं ताट उचललं, त्यातलं अन्न दुसऱ्या भांड्यात काढलं, ताट धुतलं, कोरडं केलं आणि जागेवर आणून ठेवलं. मग ग्लास घेतला, नळाखाली धरला. गळ्यापर्यंत भरला, तरी नळ बंद केला नाही. काठोकाठ भरू दिला. दोन्ही हातांत धरून, पोटाशी, थेंबही सांडू नये म्हणून एकेक पाऊल बघून टाकत ती आली आणि तो ग्लास त्या कोरड्या ताटाशेजारी ठेवला.

“पाणी,” ती म्हणाली. मराठीत.

हालिनाने मान वर केली.

“तेवढं मला येतं, हाला,” क्रिस्टिना पुढे इंग्रजीत बोलली, उत्तराला कळावं म्हणून की थोरलीशी पोलिशमध्ये बोलवत नव्हतं म्हणून, कोण जाणे. “पाणी मीच मागत होते. मला आठवतं. त्याच्या टोपीचा रंग आठवत नाही, तोंड आठवत नाही, तहान आठवते. आई तुला विचारायची, तुझं लक्ष कुठं होतं, तेव्हा मी त्याच खोलीत असायचे. तू म्हणायचीस झोपले होते, आणि मी गप्प बसायचे. मला वाटायचं, माझ्यामुळे गेला हे तुझ्या लक्षात नाही. लक्षात आलं तर तू मला सोडून जाशील.”

हालिनाने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. जानेवारी आजच आला की काय, असं उत्तराला वाटलं. एवढ्यात टेपरेकॉर्डरचं बटण खट्ट करून वर उडालं आणि सगळ्या दचकल्या. कॅसेटची दुसरी बाजूही संपली होती.

हालिनाने मशीनकडे बघितलं. मग उत्तराकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सापडला होता, घोगरा आणि हुकमी.

“संपली व्हय? दुसरी घाल. आता हिला सांगतो. पोलिशमधी. पयल्यापास्नं.”

दुसरी! उत्तराने पर्स पालथी केली. लिपस्टिक, किल्ल्या, दीपाचे हातमोजे, आणि कॅसेट एकच, म्हशीची, दोन्ही बाजूंनी भरलेली. हालिनाने ती बोटाने पुढं सरकवली. “हिच्यावर घे की. शेनच हाय त्यात.”

तीन महिने जिला शिव्या घातल्या ती कॅसेट उत्तराने हातात धरली. या आवाजातली म्हैस पुन्हा कुठून आणायची? डावं शिंग मोडकं होतं, म्हणून हट्टाने सांगणारा हा आवाज? नाही. म्हशीला हात लावायचा नाही. तिने कॅसेट पर्समध्ये टाकली, कोट न घालता बर्फातून गाडीकडे धावली आणि अतुलच्या मामांना घेऊन आली.

टिकल्या मोडलेल्या होत्या. क्रिस्टिनाने भेटवस्तू गुंडाळायची चिकटपट्टी पुढं केली. उत्तराने दातांनी तुकडे तोडले आणि दोन्ही भोकं बुजवली. दीपाने डोळे मोठे केले. “आई, दॅट्स बाबाज टेप! ही इज गोइंग टू किल यू.”

“मारू दे,” उत्तरा म्हणाली, आणि बटण दाबलं.

हालिनाने धाकटीचा हात हातात घेतला आणि पोलिशमध्ये सुरुवात केली. मध्ये एकदा ‘यानेक’ आला, मग पुन्हा आला. काठोकाठ भरलेला ग्लास ताटाशेजारी तसाच होता. उत्तराला एक अक्षरही कळत नव्हतं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मध्ये काही न विचारता, चकत्या फिरताहेत ना एवढंच बघत, गप्प बसून राहिली.